काब्वेच्या लेकरांची दाद
झांबियातील काब्वे. इंग्रजी अमदानीत त्याचे नाव ब्रोकन हिल. तेथील शिशाची खाण 1994 मध्ये बंद पडली. नफा परदेशी गेला. 1921 मध्ये खाणीत सापडलेली आदिमानवाची कवटीही लंडनच्या संग्रहालयात गेली. काब्वेत उरले विष! मातीत खेळणाऱ्या लेकरांच्या रक्तात शिसे भिनते, मेंदूची वाढ खुंटते. 2020 मध्ये स्त्रिया व मुलांच्या वतीने जोहान्सबर्गच्या उच्च न्यायालयात अँग्लो अमेरिकन कंपनीविरुद्ध धाव घेण्यात आली. डिसेंबर 2023 मध्ये न्यायालयाने सामूहिक दाव्यास परवानगी नाकारली. दाद मागण्याच्या हक्काला, म्हणजे आजच्या कलम 32 ला, बाबासाहेबांनी संविधानाचा आत्मा का म्हटले, हे आम्हाला येथे उमगते. दरवाजाच बंद असेल तर हक्क कागदावरच राहतो. मग आमच्या खाणपट्ट्यांतील लेकरांचे रक्त कोण तपासणार?