एक ऑगस्टच्या चौकोनात

मैत्रिणींनो, भिंतीवरच्या कॅलेंडरकडे आपण दिवसातून किती वेळा बघतो? दुधाचा खाडा मांडायला, सिलिंडर कधी लावला ते लिहायला, संकष्टी कधी आहे ते पाहायला. त्याच चौकोनात बारीक अक्षरांत जयंत्या आणि पुण्यतिथ्याही छापलेल्या असतात. तिकडे मात्र शाळेचा निरोप आल्याशिवाय आपली नजर जात नाही. जुलै संपत आला की तो निरोप येतोच : एक ऑगस्टसाठी भाषण तयार करून पाठवावे. मग रात्री कणीक मळता मळता आपण शेंगांच्या टरफलांची गोष्ट सांगू लागतो. आपल्या आईने आपल्याला सांगितलेली, आणि तिला तिच्या आईने.

मी सदाशिव पेठेत राहते आणि जवळच्याच एका शाळेत अर्धवेळ शिकवते. सहावीच्या वर्गात दिनविशेषाचा फळा माझ्याकडे असतो. फळा लहान, आणि एक ऑगस्टला त्यावर लिहायचं पुष्कळ! कमला नेहरूंचा जन्म याच तारखेचा, १८९९ सालचा. 'अलबेला'वाले भगवानदादा १९१३ चे, मीनाकुमारी १९३३ ची. तिकडे १७७४ साली जोसेफ प्रिस्टलीने प्राणवायू वेगळा काढला तोही याच दिवशी, आणि १८३४ साली ब्रिटिश साम्राज्यात गुलामगिरी बंद करणारा कायदा अमलात आला तोही याच दिवशी. स्तनपान सप्ताहसुद्धा एक ऑगस्टलाच सुरू होतो. पण ही सगळी वेगवेगळ्या सालांतली माणसं आणि घटना. तारखेने त्यांना शेजारी बसवलं इतकंच.

खरी नवलाची गोष्ट आहे ती १९२० सालच्या एक ऑगस्टची. एकच तारीख आणि सालही एकच.

त्या दिवशी, मध्यरात्र उलटून गेल्यावर, मुंबईत सरदारगृहात लोकमान्य टिळकांनी प्राण सोडला. गिरगावच्या चौपाटीवर अंत्यसंस्कार झाले. पावसाची पर्वा न करता लोटलेल्या त्या गर्दीची वर्णनं आपण वाचलेली आहेत. गांधीजी त्या वेळी मुंबईतच होते. त्यांच्या असहकाराच्या चळवळीचा मुहूर्त आधीपासून ठरलेला होता तो याच दिवसाचा. 'कैसर-ए-हिंद' पदक परत करत असल्याचं व्हाइसरॉयला लिहिलेलं त्यांचं पत्र एक ऑगस्टचंच आहे. एक पुढारी गेला त्याच दिवशी दुसऱ्याची चळवळ सुरू झाली. इतिहासाच्या पुस्तकांना हा योगायोग फार आवडतो, आणि तो आहेच तसा.

पण त्याच दिवशी तिकडे वाळवा तालुक्यातल्या वाटेगावात, वालुबाई नावाच्या एका मातंग स्त्रीच्या पोटी मुलगा जन्माला आला. तुकाराम भाऊराव साठे. पुढे सगळ्या महाराष्ट्राने ज्यांना अण्णाभाऊ म्हटलं ते हे. इंग्रजांच्या कायद्याने काही जातीजमातींवर जन्मतःच गुन्हेगारीचा शिक्का मारला होता. माणसाने काही केलेलं असो नसो, हजेरी लावायचीच. इंग्रजांविरुद्ध बंड केलेल्या फकिराने खजिन्याच्या लुटीतले ओंजळभर सुरती रुपये या बाळंतिणीच्या घरी दिले होते, अशी हकिगत सांगतात. आपल्याकडे बारशाला चांदीचा वाळा, नाही तर ग्लास येतो. या बाळाच्या वाट्याला बंडखोराची ओंजळ आली! त्याच फकिराच्या नावाने अण्णाभाऊंनी पुढे कादंबरी लिहिली, बाबासाहेब आंबेडकरांच्या लेखणीला अर्पण केली, आणि १९६१ साली तिला राज्य सरकारचं पारितोषिकही मिळालं.

शाळेत ते जेमतेम दीड दिवस गेले असं म्हणतात. आईवडिलांबरोबर वाटेगावहून मुंबईपर्यंत चालत गेले. तिथे पडेल ते काम केलं, गिरणीत राबले, आणि दुकानांच्या पाट्या नि सिनेमाच्या जाहिराती वाचत वाचत अक्षर पक्कं केलं. तीसहून अधिक कादंबऱ्या, कथा, लोकनाट्यं, पोवाडे, रशियाचं प्रवासवर्णन, एवढं सगळं या माणसाने लिहिलं. १९४४ साली अमर शेख आणि गव्हाणकर यांच्यासोबत लाल बावटा कलापथक काढलं. 'माझी मैना गावावर राहिली' या त्यांच्या छक्कडीने संयुक्त महाराष्ट्राच्या सभा हलवून सोडल्या. पोटासाठी मुंबईला आलेल्या माणसाची गावी राहिलेली बायको ती मैना, आणि तिच्या आडून बेळगाव-कारवारची ताटातूट सांगितलेली. आपल्या बायकांच्या विरहावर एवढी मोठी चळवळ तोलून धरणारा दुसरा शाहीर मला तरी माहीत नाही.

आता आमच्या शाळेतली गोष्ट सांगते. दोन वर्षांपूर्वी भाषणांसाठी नावं घेत होते. एकामागून एक चौदा मुलं लोकमान्यांवर बोलणार. पंधरावी मुलगी उठली, म्हणाली, "बाई, मी अण्णाभाऊंवर बोलू? आमच्या आजोबांना त्यांची सगळी छक्कड पाठ आहे." मी नाव लिहून घेतलं. संध्याकाळी फाटकाशी एक आई भेटल्या. स्वभावाने अगदी चांगल्या, माझ्याच वयाच्या. म्हणाल्या, "अहो बाई, लोकमान्यांच्या दिवशी हे दुसरं कशाला? आपल्या पेठेत हा दिवस त्यांचाच ना?"

त्यांच्या बोलण्यात वाईट हेतू नव्हता हो. पेठेचा अभिमान मलाही आहे. नारायण पेठेतल्या गायकवाड वाड्यात जाण्याआधी लोकमान्य आमच्या सदाशिव पेठेतच, विंचूरकर वाड्यात राहत. स्वामी विवेकानंद त्यांच्याकडे उतरले होते ते याच वाड्यात, १८९२ साली. पण दिवस 'कुणाचा' म्हणजे काय? त्या मुलीला 'तू दुसऱ्या दिवशी बोल' म्हणायचं, तर तो दुसरा दिवस आणायचा कुठून? अण्णाभाऊंच्या आईने तारीख बघून का त्यांना जन्म दिला?

आणि अभिमान धरायचा तर पुरता धरावा. मंडालेच्या तुरुंगात सहा वर्षं काढून 'गीतारहस्य' लिहिणारे टिळक आपले. त्या तुरुंगात असतानाच, १९१२ साली, त्यांच्या पत्नी सत्यभामाबाई पुण्यात वारल्या. भाषणांत त्यांचं नाव कधी ऐकलंत? हुजूरपागेत मुलींना काय नि किती शिकवावं यावर 'केसरी'तून टीकेची झोड उठवणारे, १८९१ च्या संमतिवयाच्या कायद्याला विरोध करणारे टिळकही आपलेच. हुजूरपागा उभी राहिली, आणि पेठेतल्या घराघरांतल्या आज्या तिथे शिकल्या. सहावीतल्या मुलांना हे सगळं सांगायला हवं असं नाही. पण फोटोला हार घालणाऱ्या आपण बायकांना ते ठाऊक असायला काय हरकत आहे? मला तरी त्याने लोकमान्य लहान वाटत नाहीत. सगळ्याच बाबतींत बरोबर असलेला माणूस भाषणातच शोभतो.

त्या वर्षी दोन्ही फोटो एका टेबलावर ठेवले. आधी हार कुणाला, यावर शिक्षकखोलीत अर्धा तास गेला! शेवटी शिपाईमामांनी दोन्ही हार दोन मुलांच्या हातात देऊन एकदमच घालायला लावले. छक्कडीची ओळख त्या मुलीने न अडखळता सांगितली. फाटकाशी भेटलेल्या त्या आई मागच्या बाकावर होत्या. कार्यक्रम संपल्यावर मला म्हणाल्या, "ही कादंबरी वाचनालयात मिळेल का हो?" मिळाली. वाचून त्यांना कशी वाटली, ते मात्र अजून बोलल्या नाहीत.

यंदा भाषण लिहून देताना मोबाइलवर फिरत येणारा तयार मजकूर उतरवून देऊ नका. सगळ्या वर्गाकडे तोच असतो आणि परीक्षक तिसऱ्या मुलाला जांभई देतात. पाच वाक्यं पुरतात. त्यांत माणसाचं गाव सांगा, आईचं नाव सांगा (टिळकांच्या पार्वतीबाई, अण्णाभाऊंच्या वालुबाई), त्याने केलेलं एक काम नीट सांगा. 'थोर', 'महान' हे शब्द मुलांना ओझं होतात. ते गाळले तरी चालतील.

आणि पाऊस उघडला तर मुलांना पायी घेऊन निघा. कुमठेकर रस्त्यावरची विंचूरकर वाड्याची जागा दाखवायची, बाजीराव रस्त्याला लागायचं आणि सरळ सारसबागेपर्यंत जायचं. मुलांच्या चालीने वीस-पंचवीस मिनिटं. तिथे अण्णाभाऊंचा पुतळा आहे. एक ऑगस्टला सकाळपासूनच लांबलांबून माणसं येतात, हलग्या वाजत असतात, बायका लेकरांना कडेवर घेऊन हार घालायला रांगेत उभ्या असतात. छत्री मात्र बरोबर असू द्या, आणि धाकट्याचा हात सोडू नका. गर्दी फार असते.