पितळेची कडी

एका वाचक भगिनींनी पत्राने पृच्छा केली आहे की, दारांच्या कड्या, विजेची बटणे, नळाच्या चाव्या, शीतकपाटाची मूठ यांना घरातल्या साऱ्यांचे हात अष्टौप्रहर लागत असतात, तेव्हा त्या दररोज जंतुनाशकाने पुसणे अवश्य आहे काय?

या प्रश्नाचा माग काढीत गेले असता आपण थेट सोळाव्या शतकातील व्हेरोना नगरीत पोहोचतो. तेथील वैद्य गिरोलामो फ्राकास्तोरो याने १५४६ साली संसर्गाचे तीन प्रकार वर्णिले : प्रत्यक्ष स्पर्शाने होणारा, दुरून होणारा, आणि वस्त्रे, लाकूड अशा निर्जीव वस्तूंत बीजरूपाने दडून मागाहून प्रकट होणारा, आणि या तिसऱ्या प्रकारातील वस्तूंसाठी त्याने जो लॅटिन शब्द योजला, त्याचा मूळ अर्थ चकमकीची ठिणगी झेलून धरणारे इंधन असा आहे. जीवाणू मानवी दृष्टीस पडावयास अजून सव्वाशे वर्षांचा अवकाश असताना, केवळ निरीक्षणाच्या बळावर त्या वैद्याने इतकी समर्पक उपमा योजावी, याचे मला आजही नवल वाटते.

परंतु या विषयात ज्यांचे नाव अग्रभागी असावयास हवे आणि क्वचितच घेतले जाते, त्या फिलिस कून. अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया राज्यात ईरी येथील रुग्णालयात सफाई कामगारांना शिक्षण देताना त्यांनी त्या कामगारांच्याच हाती जंतू वाढविण्याच्या तबकड्या दिल्या आणि इमारतीत वाटेल तेथील नमुने घ्यावयास सांगितले. शौचकूपातील पाणी अपेक्षेहून स्वच्छ निघाले. दारांच्या मुठींनी मात्र वेगळीच साक्ष दिली. पोलादी मुठींवरील नमुन्यांत जंतूंची दाट वाढ झाली, पितळी मुठीवर ती विरळच राहिली. कूनबाई तेवढ्यावर थांबल्या नाहीत. त्यांनी निरनिराळ्या धातूंच्या पट्ट्यांवर जंतू सोडून खातरजमा केली आणि १९८३ साली आपला निष्कर्ष प्रसिद्ध केला : तांबे व पितळ आपले पृष्ठभाग आपणच निर्जंतुक करतात, ॲल्युमिनियम आणि पोलाद करीत नाहीत. पितळेस यासाठी सात तासांपर्यंत अवधी लागे, परंतु नुकत्याच घासलेल्या पितळेचे काम एका तासात उरके. आपल्या आज्या चिंच आणि राख घेऊन तांब्यापितळेची भांडी ज्या नेमाने लखलखीत करीत, त्या नेमाचा याहून उत्तम दाखला मला ठाऊक नाही.

तांबे-पितळ असे आपोआप निर्जंतुक होण्याचे कारण असे की, तांब्याचे विद्युत्भारित कण जंतूंच्या आवरणास छिद्रे पाडतात आणि आतील प्रथिनांची घडी मोडतात. पाण्यात विरलेल्या अत्यल्प तांब्याने शेवाळ मरते, हे स्वित्झर्लंडच्या कार्ल नेगेलीने पूर्वीच टिपून ठेवले होते. त्याचा तो प्रबंध त्याच्या निधनानंतर १८९३ साली प्रसिद्ध झाला. पुढे २०२० च्या कोविड महामारीत झालेल्या प्रयोगांतही हाच भेद दिसला : तांब्यावर चार तासांनंतर जिवंत विषाणू आढळला नाही, प्लास्टिक व पोलादावर तो बहात्तर तासांपर्यंत सापडला.

तथापि प्रयोगशाळेत विषाणू सापडणे निराळे आणि त्यापासून माणूस आजारी पडणे निराळे. त्या काळी भाजीच्या पिशव्यांपासून वर्तमानपत्रापर्यंत सर्व काही धुण्यात घरोघर जे श्रम खर्ची पडले, त्यांपैकी पुष्कळसे अनावश्यक होते. कारण तो रोग मुख्यतः श्वासाच्या हवेतून पसरतो, आणि दूषित पृष्ठभागाच्या एका स्पर्शाने तो जडण्याचा संभव दहा हजारांत एकाहूनही कमी असल्याचा खुलासा अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राने एप्रिल २०२१ मध्ये केला. याउलट जुलाब-वांतीच्या नोरोव्हायरससारख्या विषाणूंना हात आणि कडी हा मार्ग फार सोयीचा पडतो, आणि मद्यार्काचा त्यांच्यावर फारसा अंमल चालत नाही.

तेव्हा घरात कोणी आजारी नसेल, तर साबणाच्या पाण्याने पिळलेले फडके पुरे, आणि हात धुण्याचा नेम त्याहून अधिक मोलाचा. आजार असेल तेव्हाही आधी साबणानेच पुसावे, कारण मळ शिल्लक असल्यास जंतुनाशकातील क्लोरीन त्या मळावरच खर्च होऊन जाते. नंतर शेकडा पाच भाग हायपोक्लोराइट असलेल्या द्रवाचे वीस मिलिलिटर एक लिटर पाण्यात मिसळून लावावे आणि पृष्ठभाग निदान एक मिनिट ओला राहू द्यावा; फवारा मारताक्षणी कोरडे पुसून घेतल्यास त्या द्रवास कामाची मुदतच मिळत नाही, आणि बाटलीवरचे ९९.९ टक्के जंतू मारण्याचे आश्वासन बाटलीवरच राहते. हा द्रव शौचालयाच्या ॲसिडमध्ये कदापि मिसळू नये, त्यातून विषारी वायू निघतो. विजेच्या बटणांवर कोणताही द्रव शिंपडू नये. प्रवाह बंद करून किंचित ओलसर फडके फिरवावे.

आणि त्या भगिनींच्या दारास जुनी पितळी कडी असेल, तर ती काढून पोलादाची बसविण्याची घाई त्यांनी करू नये. चकाकी टिकावी म्हणून तिला वार्निश मात्र देऊ नये, कारण त्या पातळ थराआड धातूचा जंतूंशी संबंधच तुटतो. चिंचेचा कोळ लावून महिन्यातून दोनदा ती घासली म्हणजे झाले.