दुसरी वाट खरोखर दुसरी आहे काय?

आपल्या शहराला नहरींची ओळख करून द्यावयास नको. सतराव्या शतकात मलिक अंबरने भूमिगत नहरीने गावात पाणी आणले; पुढे पाणचक्कीची नहर झाली, तिचा मार्ग निराळा. एक बुजली तरी दुसरी वाहती राहू शकते, ती या निराळेपणामुळेच.

आज वाळूज, चिकलठाणा, शेंद्रा येथील कारखान्यांत इंटरनेटची गरज अशीच आहे. ते बंद पडून ई-वे बिल निघेनासे झाले, तर भरलेला ट्रक फाटकाशी उभा राहतो. म्हणून शहाणा व्यावसायिक दुसरी जोडणी घेतो. पण दोन कंपन्यांची दोन बिले आली म्हणजे दोन वाटा झाल्या, असे मात्र नव्हे. दोघींच्या फायबरच्या तारा पुष्कळदा एकाच चरातून येतात आणि जेसीबीच्या एका घावाने दोन्ही तुटतात. तेव्हा तार कोणत्या रस्त्याने येते, ती कोणाच्या मालकीची आहे, हे आधी विचारावे. एक जोडणी फायबरची असल्यास दुसरी मोबाइल जाळ्याची किंवा छतावरील अँटेनाची घ्यावी, आणि तीही दुसऱ्या कंपनीची.

कंपनी दुसरी का असावी, हे कॅनडाने दाखवून दिले. 8 जुलै 2022 रोजी तेथील रॉजर्स कंपनीच्या रूटरमधील एक गाळणी बदल करताना निघून गेली आणि सारे जाळे कोसळले. मोबाइल व घरगुती इंटरनेट यांचा गाभा एकच असल्याने दोन्ही एकदम गेले. 1 कोटी 20 लाखांहून अधिक ग्राहक अडकले. देशभर ‘इंटरॅक’ने पैसे देणेही थांबले.

आता वाट बदलते कशी ते पाहू. दोन जोडण्या घेणारा रूटर पहिली वाट चालू आहे की नाही, हे सतत तपासतो. त्याने केवळ शेजारच्या मोडेमला विचारले, तर तार पुढे तुटलेली असूनही ‘सर्व ठीक’ असेच उत्तर मिळेल. म्हणून दूरचे दोनतीन पत्ते तपासावयास लावावेत. वाट बदलली की आपला बाहेरचा पत्ता बदलतो. चालू असलेले फोन व बँकेचे व्यवहार तुटून पुन्हा जोडावे लागतात. हे ज्यांना परवडत नाही, त्या मोठ्या संस्था स्वतःचे पत्ते घेऊन ‘बीजीपी’ या पद्धतीने दोन्ही वाटांनी ते जगाला कळवितात. पहिली वाट परतल्यावर ती काही मिनिटे स्थिर राहू द्यावी. नाहीतर येरझारा सुरू होतात. दुसरी वाट अरुंद असेल, तर बिलांना आधी जागा द्यावी, कॅमेऱ्यांची चित्रे थांबवावीत.

वीज गेल्यास दोन्ही वाटा व्यर्थ. म्हणून रूटर आणि दोन्ही मोडेम इन्व्हर्टरवर असावेत. आणि महिन्यातून एकदा, कामाची गर्दी नसताना, पहिली तार मुद्दाम काढून पाहावी. आमच्या मते खरी परीक्षा हीच. वापरात नसलेल्या नहरीत गाळ साचतो, आणि तो तहान लागल्याच दिवशी कळावा हे बरे नव्हे.