वर्गातील क्रमांक आणि विद्यापीठाचे दार

अमेरिकेतील टेक्सास राज्याने १९९७ साली एक विलक्षण कायदा केला. आपल्या शाळेत पहिल्या दहा टक्क्यांत येणाऱ्या विद्यार्थ्यास राज्यातील कोणत्याही सरकारी विद्यापीठात प्रवेश मिळालाच पाहिजे, असा तो कायदा. शाळा ह्यूस्टनच्या धनिक उपनगरातील की मेक्सिकोच्या सीमेवरील, हा प्रश्नच तेथे उद्भवत नाही.

१९९६ च्या हॉपवुड निकालाने वंशाचा विचार करून प्रवेश देण्यास टेक्सासमध्ये मनाई झाली होती. त्यावर आमदार इर्मा रँगेल यांनी हा मार्ग काढला व गव्हर्नर जॉर्ज बुश यांनी त्यावर स्वाक्षरी केली. ग्रामीण गौरवर्णीयांच्या प्रतिनिधींनाही तो मानवला, कारण त्यांची मुलेही ऑस्टिनच्या विद्यापीठात क्वचितच पोचत. कायद्यात वंशाचा उल्लेखच नसल्याने २०२३ च्या सर्वोच्च न्यायालयीन निकालानंतरही तो अबाधित आहे.

परंतु त्यातील मेख नजरेआड करता येत नाही. कृष्णवर्णीय व हिस्पॅनिक मुलांना या सूत्राचा लाभ होतो, तो तेथील शाळा आजही वंशानुसार आणि उत्पन्नानुसार विभागलेल्या आहेत म्हणूनच. शाळा खरोखर एकजीव झाल्या, तर हा लाभ बव्हंशी आटेल. उलट, काही पालकांनी वरचा क्रमांक साधावा म्हणून पाल्यास मुद्दाम कमी स्पर्धेच्या शाळेत घातल्याचे संशोधकांना आढळले. अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्यास याचे नवल वाटू नये. किंबहुना त्यामुळे शाळा थोड्या मिसळल्या, तर ते इष्टच म्हणावे लागेल.

खरी अडचण जागांची. २००८ च्या सुमारास ऑस्टिन येथे प्रवेश घेणाऱ्या टेक्सासमधील नवागतांपैकी सुमारे ऐंशी टक्के याच मार्गाने आले. तेव्हा २००९ साली कायदा बदलून त्या विद्यापीठापुरती पंचाहत्तर टक्क्यांची मर्यादा घालावी लागली. परिणामी तेथील पात्रता दहावरून सात, पुढे सहा आणि २०२६ च्या प्रवेशासाठी पाच टक्क्यांवर आली. म्हणजे हमी कायम, पण तिचे क्षेत्र आक्रसले. शिवाय ही हमी विद्यापीठाची आहे, अभियांत्रिकीसारख्या हव्या त्या शाखेची नव्हे.

आणि पैशांचे काय? प्रवेशपत्राबरोबर शुल्क येत नाही. ऑस्टिनच्या विद्यापीठाने १९९९ पासून उपेक्षित शाळांतील विद्यार्थ्यांसाठी स्वतंत्र शिष्यवृत्त्या सुरू केल्या. पूर्वी ज्या शाळांचा तेथे फारसा संबंध नव्हता, त्यांतून मुले येण्यास कायद्याइतकाच या पैशाचाही हातभार लागला असावा.