हापूस घेताय? 'कार्बाइडमुक्त' म्हणजे 'सेंद्रिय' नव्हे!

रत्नागिरी हापूसच्या पेटीवर हे तीन दावे दिसतात. तिन्हींचे अर्थ वेगळे आहेत.

जीआय मानांकन: आंबा कुठला, एवढंच कळतं. कोकणच्या हापूसला ते २०१८ मध्ये मिळालं.

कार्बाइडमुक्त: काढणीनंतर आंबा कसा पिकवला, ते कळतं. कॅल्शियम कार्बाइडने फळं पिकवायला कायद्याने बंदीच आहे, त्यामुळे हा काही जादा गुण नव्हे.

सेंद्रिय: बागेत रासायनिक खतं आणि कीटकनाशकं वापरली नाहीत, हा दावा. खात्रीसाठी पेटीवर 'जैविक भारत' चिन्ह पाहा.

थेट बागायतदाराकडून घेताय? मग मोहोरावरच्या तुडतुड्यांसाठी काय फवारलं आणि शेवटची फवारणी कधी झाली, हे विचारा. सेंद्रियचा दर मोजणार असाल, तर 'गवताच्या अढीत पिकवलाय' हे त्याचं उत्तर नव्हे.