बत्तीस धाग्यांचा ताणा

कलाशाखेच्या वार्षिकात संगणकावरचा लेख दिसला की काही वाचक पान उलटणार, हे मी धरून चालते. तरीही हा विषय आता आपल्यापासून दूर राहिलेला नाही. आपण मोबाईलपुढे मराठी बोलतो आणि ते अक्षरांत उमटते. इंग्रजी उताऱ्याचे भाषांतर क्षणात समोर येते. अशा यंत्रणा घडवताना जी अफाट गणिते करावी लागतात, ती बहुतांशी ग्राफिक्स प्रोसेसरवर होतात. तेथे गणित चुकले तर ते चुकले हे कळते कसे, एवढाच या लेखाचा प्रश्न आहे.

हा प्रोसेसर मुळात चित्रे रंगवण्यासाठी जन्मला. पडद्यावर लाखो ठिपके असतात आणि प्रत्येकाचा रंग स्वतंत्रपणे काढता येतो. म्हणून एका हुशार कारागिराऐवजी हजारो साधे मजूर एकदम कामाला लावावेत, अशी त्याची रचना. एन्व्हिडिया कंपनीने २००६ साली ‘कूडा’ ही पद्धती जाहीर केली आणि चित्रांखेरीज इतर गणितेही सी भाषेच्या वळणाने लिहून त्यावर चालवणे सोपे झाले. इतरही पद्धती आहेत. मला थोडीफार येते ती हीच.

यातल्या प्रत्येक मजुराला ‘थ्रेड’, म्हणजे धागा, म्हणतात आणि ३२ धाग्यांच्या जुडीला ‘वॉर्प’. वॉर्प म्हणजे मागावरचा ताणा. हे नाव विणकामावरूनच घेतलेले आहे. माझे वडील इचलकरंजीत यंत्रमागावर काम करतात, त्यामुळे हा शब्द वाचून मला मोठी गंमत वाटली. साम्य नावापुरतेच नाही. साध्या मागावर ताण्याचा एखादा धागा तुटला तरी माग थांबत नाही. धोटा धावतच राहतो आणि कोणाचे लक्ष जाईपर्यंत हातभर कापड फट घेऊन विणून झालेले असते.

प्रथम कंपायलरचे काम पाहू. आपण लिहिलेल्या आज्ञावलीचे तो दोन भाग करतो. नेहमीच्या प्रोसेसरचा भाग नेहमीच्या कंपायलरकडे जातो. ग्राफिक्स प्रोसेसरचा भाग आधी ‘पीटीएक्स’ नावाच्या मधल्या भाषेत उतरतो आणि मग त्या त्या चिपच्या यंत्रभाषेत. मधला मुक्काम अशासाठी की चिपच्या पिढ्या बदलतात तशी यंत्रभाषाही बदलते. पीटीएक्स जवळ असले की नव्या चिपचा ड्रायव्हर ऐनवेळी पुढचे भाषांतर करून घेतो. या प्रवासात कंपायलर ओळी मागेपुढे करतो, अनावश्यक वाटलेले काढून टाकतो. चूक शोधायची तर ‘ही टापटीप करू नकोस’ असे त्याला बजावावे लागते. मग आज्ञावली संथ होते, धाग्यांची गती बदलते आणि पुष्कळदा चूकच दिसेनाशी होते!

चूक कसली, ते उदाहरणाने सांगते. एका कादंबरीत ‘आई’ हा शब्द किती वेळा आला ते मोजायचे आहे. प्रत्येक धाग्याला एकेक पान दिले आणि मोजणीचा आकडा सर्वांसाठी एकच ठेवला. आकडा ४१ असताना दोन धाग्यांनी तो एकाच वेळी वाचला, प्रत्येकाने एक मिळवला आणि दोघांनीही ४२ लिहिले. हवे होते ४३. यंत्र थांबत नाही, तक्रार करीत नाही. उलट पुढच्या वेळी वेगळेच उत्तर देते. यावर ‘अ‍ॅटॉमिक’ बेरजेचा उपाय आहे: एकाचे वाचणे, मिळवणे, लिहिणे पुरे होईपर्यंत दुसऱ्याला त्या आकड्याला हात लावता येत नाही.

जेथे यंत्र तक्रार करते तेथेही ती उशिरा येते. मुख्य प्रोसेसर काम सोपवून पुढे निघून जातो. म्हणून बिघाड दहाव्या ओळीत आणि बोंब तिसाव्या ओळीत, असा प्रकार होतो. प्रत्येक काम संपेपर्यंत मुख्य प्रोसेसरला थांबवून ठेवण्याची सोय आहे, ती शोधकामात वापरतात. धागा आपल्या हद्दीबाहेरच्या स्मृतीत शिरला का, हे तपासणारे ‘कंप्यूट सॅनिटायझर’ नावाचे साधनही आहे.

सर्वांत बोलका प्रसंग २०१७ सालचा. तोवर अनेकांनी गृहीत धरले होते की जुडीतले ३२ धागे नेहमी पावलाला पाऊल लावून चालतात. म्हणून ‘सगळे येईपर्यंत थांबा’ ही आज्ञा ते गाळीत. त्या वर्षी आलेल्या ‘व्होल्टा’ पिढीत प्रत्येक धागा आपल्या चालीने जाऊ शकू लागला आणि वर्षानुवर्षे बरोबर उत्तर देणाऱ्या अशा आज्ञावल्या चुकण्याची पाळी आली. कूडाच्या नवव्या आवृत्तीत जुडीला थांबवणारी वेगळी आज्ञा द्यावी लागली. माझ्या मते त्या आज्ञावल्या आधीही चुकीच्याच होत्या. जुन्या चिपने त्यांना सांभाळून घेतले होते, इतकेच.

म्हणून जाणती माणसे आधी लहानसे उदाहरण हाताने सोडवतात आणि तेच गणित साध्या प्रोसेसरवरही करून दोन्ही उत्तरे ताडून पाहतात. दशांश अपूर्णांकांच्या बेरजेत मात्र क्रम बदलला की शेवटचे अंक थोडे हलतात, कारण प्रत्येक पायरीला आकडा जवळच्या अंकाशी आणून तोडावा लागतो. तो फरक क्षम्य. ‘आई’ शब्दाच्या मोजणीत एकाचाही फरक आला, तर कोठेतरी दोन धागे एकमेकांवर लिहीत आहेत.