फाइल आहे, मालक हरवला

विंडोज १० चा नियमित सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला आणि त्या निमित्ताने कित्येक घरांतल्या, दुकानांतल्या कॉम्प्युटरवर नवी विंडोज चढली. सी ड्राइव्हला फॉरमॅट मारायचा, डी ड्राइव्हला हात लावायचा नाही, ही आपल्याकडची जुनी रीत. लग्नाचे फोटो, सातबाऱ्याचे स्कॅन, जीएसटीचे हिशेब सगळे डीमध्ये सुखरूप. नवी विंडोज सुरू होते, डी उघडते, फोल्डरही दिसतं. आणि आत शिरायला गेलं की 'अॅक्सेस डिनाइड'. युजरचं नाव तेच दिलेलं, पासवर्डही तोच. मग अडतंय कुठे?

विंडोजला तुमच्या नावाशी काही देणंघेणं नसतं. खातं तयार होताना ती त्याला एक लांबलचक क्रमांक देते, त्याला एसआयडी म्हणतात. घरच्या कॉम्प्युटरवर तो 'एस-१-५-२१' असा सुरू होतो, मग तीन मोठे आकडे येतात आणि शेवटी बहुधा १००१ किंवा त्याच्या आसपासचं काहीतरी. मधले तीन आकडे त्या विशिष्ट इन्स्टॉलेशनचे. विंडोज नव्याने टाकली की ते बदलतात, म्हणजे त्याच नावाचा माणूस तिच्या लेखी पूर्ण परका ठरतो. १९९३ साली विंडोज एनटीबरोबर आलेली एनटीएफएस ही पद्धत मात्र प्रत्येक फाइलीबरोबर मालकाचा क्रमांक आणि कुणाला काय करायची मुभा आहे याची यादी जपून ठेवते. डी ड्राइव्हवर ती यादी जुनीच राहते. फोल्डरच्या प्रॉपर्टीजमध्ये सिक्युरिटीचा टॅब उघडला, तर जुन्या मालकाच्या जागी 'अकाउंट अननोन' आणि पुढे तो क्रमांक दिसतो.

सगळीच फोल्डरं अडत नाहीत, यालाही कारण आहे. काही क्रमांक जगातल्या प्रत्येक विंडोजवर सारखेच असतात: 'एव्हरीवन' किंवा 'युजर्स' या गटांचे. त्यांना मुभा दिलेली फोल्डरं नव्या मशीनवरही निमूट उघडतात. अडतात ती मुख्यतः जुन्या युजरच्या खासगी घरातली, म्हणजे डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स, पिक्चर्स. पेनड्राइव्हवर ही कटकटच नसते, कारण फॅट३२ आणि एक्सफॅटमध्ये मालक नोंदवायची सोयच नाही.

उपाय साधा आहे. अॅडमिन खात्यातून फोल्डरवर क्लिक केलं की बहुतेक वेळा 'कंटिन्यू' असं बटण येतं. ते दाबलं की विंडोज तुमचं नवं खातं यादीत कायमचं घालते. त्याने भागलं नाही, तर सिक्युरिटीमधल्या अॅडव्हान्स्डमध्ये जाऊन 'ओनर'समोरच्या 'चेंज'वर स्वतःचं नाव द्यायचं, आतल्या सगळ्या फाइलींनाही ते लागू करायची खूण करायची आणि मग स्वतःला पूर्ण मुभा द्यायची. या दोन वेगळ्या पायऱ्या आहेत. मालक झालात म्हणून फाइल लगेच वाचता येतेच असं नाही. मालकाला यादी बदलायचा हक्क मिळतो, एवढंच. फाइली लाखभर असतील तर चहा टाकावा, वेळ लागतो.

हे सगळं फक्त आपल्या डेटाच्या फोल्डरवर करावं. उत्साहाच्या भरात अख्ख्या सी ड्राइव्हची मालकी स्वतःकडे घेणारे लोक दुसऱ्यांदा विंडोज टाकायला बसतात. आणि सीवरचं 'डॉक्युमेंट्स अँड सेटिंग्ज' उघडत नाही म्हणून डोकं फोडून घेऊ नये. ते खरं फोल्डरच नाही. जुन्या प्रोग्रामांच्या सोयीसाठी ठेवलेली ती नुसती पाटी आहे आणि ती मुद्दाम बंद असते.

आता अवघड भाग. वरची सगळी बंदी म्हणजे सोसायटीचा वॉचमन: तो विंडोजचा नोकर, विंडोज जागी असेल तेवढाच अडवणार. लिनक्सच्या पेनड्राइव्हवरून मशीन चालू केलं, तर तीच डी ड्राइव्ह बिनबोभाट वाचता येते. पण ड्राइव्ह एन्क्रिप्ट केलेली असेल, तर मालकी घेऊन काडीचाही उपयोग नाही. एक्स्प्लोररमध्ये ड्राइव्हच्या चित्रावर कुलूप दिसलं, तर समजावं की हे विंडोजच्या एन्क्रिप्शनचं, म्हणजे बिटलॉकरचं काम आहे.

'मी कधी बिटलॉकर लावलंच नाही' असं लोक शपथेवर सांगतात, आणि ते खरंही असतं. २०२४ च्या विंडोज ११ पासून, नव्याने टाकलेल्या विंडोजमध्ये मायक्रोसॉफ्ट खात्याने शिरलं की पुष्कळ मशीनवर एन्क्रिप्शन आपोआप सुरू होतं, होम आवृत्तीतसुद्धा. डी आपोआप उघडायची व्यवस्था सी ड्राइव्हवर ठेवलेली असते. सी पुसली की ती व्यवस्था जाते आणि डी ४८ अंकी रिकव्हरी की मागते. ही की बहुधा त्या मायक्रोसॉफ्ट खात्यात जमा असते. प्रश्न एवढाच की खातं कुणाचं? लॅपटॉप घेताना दुकानातल्या मुलाने घाईत काढून दिलेला ईमेल आधी आठवावा. स्क्रीनवर दिसणाऱ्या की आयडीची पहिली आठ अक्षरं खात्यातल्या यादीशी ताडून पाहायची. ती की सहा-सहा अंकांच्या आठ गटांत असते आणि प्रत्येक गटाला ११ ने निःशेष भाग जातो, म्हणूनच एखादा अंक चुकला तर कुठला गट चुकला ते मशीन तिथल्या तिथे सांगू शकतं. कीच कुठे सापडली नाही, तर दुकानदार कितीही छातीठोकपणे बोलला तरी त्याला पैसे देऊ नयेत.

सी ड्राइव्ह न पुसता वरच विंडोज टाकली असेल, तर जुना संसार 'विंडोज डॉट ओल्ड' नावाच्या फोल्डरमध्ये शिल्लक असतो. त्यातली 'युजर्स'मधली कागदपत्रं लवकर उचलावीत, कारण विंडोज ते फोल्डर काही दिवसांनी स्वतःच साफ करते.

मराठी डीटीपीवाल्यांनी त्यातून आणखी एक गोष्ट उचलावी. श्रीलिपी किंवा कृतिदेवमध्ये टाइप केलेली जुनी फाइल मालकी मिळाल्यावर उघडते खरी, पण पानभर इंग्रजी अक्षरांची आणि चिन्हांची खिचडी दिसते. ती फाइल बिघडलेली नसते. त्या फॉन्टांत मराठी अक्षरं इंग्रजी अक्षरांच्या जागी बसवलेली असत, आणि नव्या विंडोजमध्ये तो फॉन्टच नाही. जुन्या विंडोजमधल्या 'फॉन्ट्स' फोल्डरात तो अजून असेल, तर तिथून घेऊन नव्या मशीनवर टाकावा. मजकूर पुन्हा मराठी दिसू लागला, की महत्त्वाच्या फाइली कन्व्हर्टर वापरून युनिकोडमध्ये करून घ्याव्यात; र्‍हस्व-दीर्घ आणि जोडाक्षरं मात्र डोळ्यांनी तपासावी लागतात, विशेषतः रफार.